गिळलेले तीस तास

१

भट्टीचं झाकण वर उचललं गेलं तेव्हा खोलीत अकरा माणसं वाट बघत उभी होती. साखळ्या कुरकुरत थांबल्या. तीन आठवडे बंद भट्टीत निवत पडलेला आरसा उजेडात आला. वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी ओतलेला, दिवाणखान्यातल्या गालिच्याएवढा, जाड काचेचा गोल. त्याच्या एका कडेपासून एक चीर निघाली होती आणि मध्यावर फाटा फुटून ती पलीकडच्या कडेला दोन ठिकाणी पोचली होती.

"गेला," भट्टीमास्तर म्हणाले.

धाकटी पुढे झाली. तिने हातमोजा काढून चिरेवरून बोट फिरवलं आणि बोट कापलं तरी ते मागे घ्यायचं तिला सुचलं नाही. "असं कसं होईल? मी सगळं दोनदा बघितलं होतं."

ताई तिच्या मागेच उभी होती. ताई म्हणजे धाकटीची सख्खी थोरली बहीण. दोघी याच काचशाळेत कामाला होत्या. धाकटी तिला ताई म्हणायची म्हणून बाकीचेही म्हणू लागले, आणि मग ही ताई तर ती धाकटी, असं होऊन दोघींची खरी नावं मागे पडली. भट्ट्या चालवणारे प्रोग्रॅम तपासायचं काम ताईचं. ते लिहिणाऱ्यांची प्रमुख मात्र धाकटी. आठ महिने झाले होते त्या नेमणुकीला, पण ताईला ती अजून सलायची. धाकटीला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं कुणी? ताईने. जेवणाच्या टेबलावर, पाठकोऱ्या कागदांवर, दोन वर्षं. आणि प्रमुख कोण झालं?

चीर पाहून सगळ्यांचे चेहरे पडले. ताईचाही पडला. पण त्या पडलेल्या चेहऱ्यामागे तिला अगदी स्वच्छ जाणवलं, की आपल्याला बरं वाटतंय.

काचशाळेच्या संचालिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तिला बाजूला घेतलं. "ताई, याचा तपास तू करायचास."

"मी? बाई, ती माझी बहीण आहे."

"म्हणूनच सांगते. परका माणूस सगळं तिच्यावर ढकलून मोकळा होईल. तू तिचं वाकडं करणार नाहीस." मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "आज सोमवार. दुसरा आरसा शुक्रवारी भट्टीत जायचाय. त्याच्या आत मला कळलं पाहिजे, हे कुणाच्या हातून झालं."

२

सगळ्यांचा पहिला संशय भट्टीमास्तरांवर गेला. त्यांची भट्टी, त्यांच्या झडपा. एखादी झडप वेळेआधी उघडली, गार हवा आत गेली, की काच तडकणारच.

"बोला की ताई तोंडावर," मास्तर म्हणाले. ते आपल्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसून गुडघे चोळत होते. "झडप मी उघडली, हेच ना?"

"मी काहीच म्हणत नाही, मास्तर. मला तापमानाचा आलेख बघायचाय."

मास्तरांनी आलेखाची गुंडाळी टेबलावर उलगडली. तीन आठवड्यांची एक लांबलचक रेघ, वरून खाली उतरत गेलेली. ताई पट्टी ठेवून ती रेघ बोटाबोटाने वाचू लागली. झडप उघडली असती तर रेघेत कुठेतरी खळगा पडला असता, रेघ दचकली असती. दचकल्याची खूणच नव्हती. उलट ती फारच गुळगुळीत होती.

"मास्तर, चारशे ऐंशी अंशांवर भट्टी किती वेळ थांबायला हवी होती?"

"तीस तास. तेवढ्यात काच आतबाहेर सारखी होते, तिच्या पोटातला ताण जातो. जिन्यात मधे सपाट जागा असते ना, तशी रेघ तिथे आडवी व्हायला पाहिजे."

"मग ती सपाट जागा कुठाय?"

मास्तर पुढे वाकले. नाकावरचा चष्मा त्यांनी दोनदा वरखाली केला. रेघ चारशे ऐंशीवरून थेट खाली उतरली होती, जराही न थांबता.

"तरीच," ते हळूच म्हणाले. "तरीच भट्टी सव्वा दिवस आधी निवत आली. मला चमत्कारिक वाटलं, म्हणून मी विचारलंसुद्धा. धाकट्या बाई त्या दिवशी वेधशाळेत गेल्या होत्या, तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या ओळंब्याला विचारलं. तो म्हणाला, प्रोग्रॅमची भाषा नवी आहे, नवी गणितं आहेत, चालायचंच."

म्हणजे मास्तर सुटले. भट्टीने सांगितलं तेच केलं होतं. तीस तास थांब, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

३

निदान ताईला तसं वाटलं. मंगळवारी सकाळी तिने धाकटीचा प्रोग्रॅम उघडला आणि ती चक्रावली. तीस तासांची आज्ञा तिथे होती. स्वच्छ अक्षरांत, जिथे असायला हवी तिथेच.

'[ @उतार २, थांबा ३० ]

ही भाषा धाकटीने स्वतः घडवलेली. तिच्यात मॅक्रो होते. मॅक्रो म्हणजे लांबलचक आज्ञेचं टोपणनाव. @उतार म्हटलं, की त्यामागे दडलेल्या साठेक ओळी यंत्र उलगडायचं आणि तासाला दोन अंशांनी भट्टी ठरलेल्या टप्प्यापर्यंत उतरवत न्यायचं. सुरुवातीचं ते चिमुकलं अवतरणचिन्ह मात्र सांगायचं, की पुढचं आत्ता पाळू नकोस, उलगडूही नकोस. बंद पाकीट आहे असं समज, भट्टीवरच्या नियंत्रकाकडे दे, तो वेळ आली की उघडेल. चौकोनी कंसात होतं ते त्या पाकिटातलं सामान. आधी उतार, मग थांबा.

कुणीही वाचलं असतं तरी हेच वाचलं असतं. मग भट्टीने काय वाचलं?

ताई हे काम वीस वर्षं करत होती. माणसाच्या डोळ्याला काय दिसतं यावर तिचा कधीच फारसा विश्वास नव्हता. ओळ वाचून तिचे तुकडे पाडणारा यंत्राचा जो भाग असतो, ज्याला पार्सर म्हणतात, त्यालाच विचारायचं तिने ठरवलं. आधी तिने अवतरणचिन्ह काढून ओळ चालवून पाहिली. यंत्र ताबडतोब ओरडलं, की @उतारला एकच आकडा लागतो, तुम्ही जास्तीचं दिलंय.

ताईने खुर्ची पुढे ओढली. जास्तीचं?

मग तिने अवतरणचिन्ह परत जागेवर ठेवलं. आता यंत्र गप्प बसलं. तिने पाकिटातल्या वस्तू मोजायला सांगितल्या. आपल्या हिशोबाने दोन.

पडद्यावर आकडा आला. एक.

४

उलगडा व्हायला तिला तासभर लागला, आणि झाला तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसली. किती साधं होतं!

या भाषेतला मॅक्रो हावरट होता. त्याच्यापुढे गोल कंस नसेल, तर ओळीत उजवीकडे जे जे असेल ते सगळं तो आपलंच समजायचा. स्वल्पविराम असो की दुसरी आज्ञा असो. एरवी यंत्र त्याला लगेच उलगडायचं, जास्तीचं सापडायचं आणि ओरडायचं. पण अवतरणात मॅक्रो उलगडला जातच नाही. बंद पाकिटात त्याने काय गिळलंय हे बघणार कोण? भट्टीवरच्या जुन्या नियंत्रकाला तर ओरडायची सोयच नव्हती. त्याने पाकीट उघडलं, उताराला लागणारा आकडा घेतला आणि उरलेलं निमूट टाकून दिलं. थांबा ३० मॅक्रोच्या पोटात गेलं होतं.

उतारापुढच्या आकड्याला गोल कंस असता, नुसतं @उतार(२) एवढं असतं, तर वस्तू दोन झाल्या असत्या आणि आरसा शाबूत राहिला असता. किंवा दोन आज्ञा दोन ओळींवर असत्या, तरीही.

दोन ओळींवर! ताईला आठवलं. पहिला आरसा भट्टीत जाण्याआधीच्या सोमवारी तिने स्वतः प्रोग्रॅम तपासून सही केली, तेव्हा त्या दोन ओळींवरच होत्या. भट्टी बंद झाली ती त्याच आठवड्यात शुक्रवारी. बदलांची नोंदवही उघडली तर गुरुवारची नोंद सापडली. 'फक्त मांडणी.' मंजुरी, धाकटी. आणि मांडणीचे बदल ताईकडे तपासायला यायचे नाहीत, असा नियमच होता.

तिने धाकटीला बोलावलं आणि ती ओळ कागदावर लिहून पुढे सरकवली. "यात किती गोष्टी आहेत?"

धाकटीच्या बोटाला पट्टी होती, डोळे सुजलेले. तिने ओळ वाचली. "दोन. उतार आणि थांबा. का गं ताई?"

ती खोटं बोलत नव्हती. तिने बनवलेली भाषा, तिनेच घडवलेले मॅक्रो, आणि तिलाच ठाऊक नव्हतं! ताईने पडद्यावरचा आकडा दाखवला तेव्हा धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"अवतरणात घालून मी कधी तपासलंच नाही," ती पुटपुटली. "बाहेर तर तो ओरडतो..."

"गुरुवारी ओळी जोडल्यास तू?"

"मी नाही जोडल्या. ओळंब्याने जोडल्या असतील. तो सगळ्यांच्याच फायली सरळ करत असतो. मांडणी असं लिहिलेलं दिसलं, मी खूण करून टाकली."

ओळंबा म्हणजे त्यांचा सहकारी, पंधरा वर्षांचा जुना. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. याचंही तसंच. टेबलावरची पेन्सिल तिरकी असली तरी याला चैन पडत नसे. धाकटीच्या आधी भट्ट्यांची भाषा याची होती. ती मोडीत निघाली. आता पहिला आरसा धाकटीकडे होता, दुसरा याच्याकडे.

"हो, मीच जोडल्या," विचारल्यावर तो लपवाछपवी न करता म्हणाला. "दोन तोकड्या ओळी एकाखाली एक बऱ्या दिसत नव्हत्या. मला काय ठाऊक तिची भाषा असं काही करते? मीही दोनच गोष्टी वाचल्या. तिने मंजूर केलं, मी पुढे गेलो." आणि मग जरा थांबून, "खरं सांगू? वाईट वाटतं पोरीचं."

वाईट वाटल्यासारखा चेहरा मात्र त्याला जमला नाही.

५

मंगळवारी दुपारी ताई अहवाल लिहायला बसली. गुन्हा कुणाचाच नव्हता, चूक होती. भाषेत दोष, आणि न वाचता दिलेली मंजुरी. दोन्ही धाकटीचे. लिहिताना हात कसा सरसर चालत होता!

तेवढ्यात दुसऱ्या आरशाचा प्रोग्रॅम तिच्याकडे तपासणीला आला. ओळंब्याचा. रीतीप्रमाणे त्याच्यासोबत त्याच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या आल्या. सवयीने तिने आधी अवतरणातल्या ओळी पाहिल्या.

'[ @उतार(२), थांबा ३० ]

गोल कंस.

ताईने पान खाली सरकवलं. आणखी एक अवतरण, आणखी गोल कंस. सतरा ठिकाणी अवतरणं होती आणि सतराही ठिकाणी मॅक्रोपुढे गोल कंस होते. अवतरणाबाहेर मॅक्रो चाळीसएक वेळा वापरलेला होता. तिथे एकाही जागी कंस नव्हता.

तिने सतराही जागा पुन्हा मोजल्या. जो माणूस एक जास्तीचं टिंब सहन करत नाही, त्याने चौतीस जास्तीच्या खुणा केल्या, आणि त्याही नेमक्या जिथे लागतात तिथेच? तिने जुन्या आवृत्त्या उघडल्या. पहिल्या आवृत्तीत कंस नव्हते. दुसरीत होते. दुसरीची तारीख, पहिला आरसा भट्टीत गेला त्याच आठवड्यातला सोमवार.

सोमवारी त्याने आपल्या फायलीत कंस घातले. गुरुवारी धाकटीच्या ओळी कंसाशिवाय जोडल्या.

त्याला ठाऊक होतं.

ताई उठली. दारापर्यंत गेली. मोठ्या बाईंची खोली तीन दारं सोडून होती. तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"धाकटीचा आरसा गेला म्हणे गं? बिचारी, काल जेवलीसुद्धा नाही. अगं, एवढ्या लहान वयात एवढी मोठी जबाबदारी, तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर कधीच कोसळलं असतं. तू जरा सांभाळ तिला."

"हो, आई."

"तुझं काय चाललंय?" आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "वेधशाळेच्या त्या मासिकात तिचा फोटो यायचा होता, तो आता येईल का गं?"

फोन बंद झाला. ताई दारात उभीच राहिली. चाळिशी उलटलेली बाई, पण त्या क्षणी तिला वाटत होतं ते नऊ वर्षांच्या मुलीचं वाटणं होतं. पाळण्यातल्या गोंडस बाळाभोवती सगळे जमलेत, आणि आपण नवा फ्रॉक घालून आलोय हे कुणाच्या गावीच नाही.

ती परत वळली. ओळंब्याचा प्रोग्रॅम तिने 'तपासणी चालू' या ढिगात ठेवला, आणि अहवाल जसा होता तसा मोठ्या बाईंकडे पाठवून दिला.

६

बुधवारी सकाळी धाकटीचं प्रमुखपद काढून घेतलं गेलं. तिची भाषा वापरायची की नाही, हे शुक्रवारनंतर ठरणार होतं. तोवर प्रमुख म्हणून ओळंबा काम बघणार होता. धाकटीला खिडकीजवळची खोली सोडावी लागली. ती आपलं सामान एका खोक्यात भरून मधल्या हॉलमध्ये आली, ताईच्या समोरच्या टेबलाशी बसली, आणि दिवसभर जुनी पानं चाळत राहिली. अजून काय काय चुकलं असेल, ते शोधत.

"ताई," ती एकदा म्हणाली, "मला हे कामच येत नसेल तर? म्हणजे मुळातच? सगळ्यांनी उगाच डोक्यावर घेतलं असेल तर?"

इतकी वर्षं ताईला नेमकं हेच वाक्य ऐकायचं होतं. ऐकल्यावर ते एखाद्या गोळीसारखं जिभेवर फिरवून बघावं असं वाटलं होतं. पण त्याला काही चवच लागेना.

"काम कर," ती म्हणाली. "विचार नको करूस."

गुरुवारी सकाळी ओळंबा दोन कप चहा घेऊन तिच्या टेबलाशी आला. धाकटी जागेवर नव्हती. त्याने कप ठेवले, दोन्हीचे कान एकाच दिशेला वळवले आणि तो खुर्ची ओढून बसला. इतका मोकळा झालेला तो तिने कधी पाहिला नव्हता.

"माझा प्रोग्रॅम झाला का तपासून?"

"चालू आहे."

"सावकाश होऊ दे. तुझ्या सहीशिवाय मी काही करणार नाही." तो पुढे झुकला. "ताई, खरं सांग. आपण दोघांनी इथे आयुष्य घातलं. ती काल आली. हसली, चार चटपटीत शब्द बोलली, की झाली प्रमुख. तिला सगळं आयतं मिळत गेलं. एकदा तरी तिला कळायला नको, की काच तडकते म्हणजे काय होतं?"

ताईच्या हातातला कप तसाच राहिला.

यातला शब्द न शब्द तिचा होता. आयतं. हसली की झालं. एकदा तरी कळायला नको. हे ती स्वतःशी, भांडी विसळताना, रस्त्याने चालताना, कितीदा म्हणाली होती! फक्त आता ते दुसऱ्याच्या तोंडातून येत होतं, आणि ऐकायला फार घाण वाटत होतं.

ओळंबा हसत होता. त्या हसण्यात आपलाच चेहरा दिसल्यासारखं होऊन ताईने नजर वळवली.

"चहा गार होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे," ताई उठली. "मी बाईंकडे जाऊन येते."

७

दुपारी तीन वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत पाच जण होते. बाई, मास्तर, ओळंबा, धाकटी आणि ताई.

"अहवाल तर मंगळवारीच आला," बाई म्हणाल्या. "आता आणखी काय?"

"तो अर्धा होता," ताई म्हणाली. "आरसा कशाने फुटला ते त्यात आहे. फोडला कुणी, ते नाही."

धाकटीने मान वर केली.

ताईने दोन कागद टेबलावर ठेवले. एक धाकटीच्या फायलीतला, एक ओळंब्याच्या. "आपण सगळे असं धरून चाललो, की हा दोष कुणालाच ठाऊक नव्हता. जिने भाषा घडवली तिलाही नव्हता. मी तिला ओळ दाखवली तेव्हा ती दोन गोष्टी म्हणाली. ओळंबाही म्हणाला, मी दोनच वाचल्या. मग मला सांग," ती ओळंब्याकडे वळली, "तुझ्या फायलीत अवतरणातल्या मॅक्रोपुढे हे गोल कंस कशाला?"

ओळंब्याने कागदाकडे पाहिलंही नाही. "सवय आहे माझी. कंस दिला की नीट दिसतं."

"नीट दिसतं? मग अवतरणाबाहेर चाळीसएक ठिकाणी का नाही दिलास? तिथे नीट दिसायला नको?"

त्याने आपली खुर्ची टेबलाशी सरळ केली.

"तिथे दिले नाहीस, कारण तिथे लागतच नाहीत. जिथे मॅक्रो पुढचं गिळतो आणि यंत्र ओरडत नाही, फक्त तिथेच दिलेस. सतराच्या सतरा ठिकाणी. हे सवयीने होत नाही, हे माहीत असल्याने होतं."

"नंतर घातले मी ते," ओळंबा घाईघाईने म्हणाला. "आरसा फुटल्यावर. तू दोष दाखवलास तेव्हा."

"आवृत्तीवर तारीख आहे. भट्टी बंद व्हायच्या चार दिवस आधीची. सोमवारी तू स्वतःची फाईल वाचवलीस. गुरुवारी तिच्या दोन ओळींची एक ओळ केलीस आणि कंस मात्र दिला नाहीस. वर 'फक्त मांडणी' लिहिलंस, कारण मांडणी माझ्याकडे तपासायला येत नाही."

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. "आणि मी विचारलं तेव्हा? भट्टी सव्वा दिवस आधी निवत आली म्हणून मी तुला विचारायला आलो होतो की नाही? तोवर काच आत गरम होती, अरे! परत तापवून घेतली असती मी! तू म्हणालास, चालायचंच!"

मोठ्या बाईंनी ओळंब्याकडे पाहिलं. "बोल."

त्याने टेबलावरचे दोन कागद हाताने एका रेषेत आणले. मग त्याने हात काढून घेतला आणि कागद पुन्हा तिरके झाले.

"माझी भाषा बारा वर्षं चालली," तो म्हणाला. "बारा वर्षांत एक काच तडकली नाही. ती एका बैठकीत काढून टाकली तुम्ही. मला वाटलं, कडेला जराशी चीर जाईल. घासून निघेल एवढीच. तुम्ही म्हणाल, जुनीच बरी होती. एवढंच म्हणायला हवं होतं कुणीतरी."

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी ओळंब्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि तो गेला.

"तू फार चांगलं काम केलंस, ताई," बाई म्हणाल्या.

इथे थांबता आलं असतं. ताईला ते कळत होतं. कुणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. धाकटी तर तिच्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी गणित सुटलं की बघायची.

"नाही केलं," ताई म्हणाली. "मला हे मंगळवारी दुपारीच कळलं होतं. अहवाल पाठवण्याच्या आधी."

८

धाकटी तिला मागच्या जिन्यात सापडली. लोखंडी जिना, खाली भट्टीचा घुमणारा आवाज. ताई दोन पायऱ्या वर थांबली. जवळ बसायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिला समजेना.

"दोन दिवस," धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली. "दोन दिवस मी समोर बसून स्वतःलाच शिव्या घालत होते. तू बघत होतीस."

"हो."

"मी तुला विचारलं, मला हे कामच येत नसेल तर. तेव्हासुद्धा तुला माहीत होतं."

"हो."

"का पण?"

ताईच्या मनात दहा कारणं आली आणि दहाही तिला लंगडी वाटली. "कारण तू माझ्याहून चांगली आहेस," ती शेवटी म्हणाली. "मी शिकवलं आणि तू माझ्याहून चांगली झालीस. ते मला सहन होत नाही. बरीच वर्षं होत नाहीये."

धाकटी उठली. "हे मला नाही सांगितलंस कधी."

"कसं सांगणार?"

"तेही खरंच," धाकटी म्हणाली आणि वर निघून गेली. जाताना तिचा पदर ताईच्या खांद्याला लागला, तो तिने सावरून घेतला.

ओळंब्याला काचशाळा सोडावी लागली. मोठ्या बाईंनी ताईला काढलं नाही, पण तिच्या सहीशेजारी दुसऱ्या एका सहीची जागा केली, आणि ते सगळ्यांना दिसेल असं फलकावर लावलं. ताई तक्रार करू शकली नसती, आणि तिने केलीही नाही. दुसरा आरसा शुक्रवारी भट्टीत गेला नाही. धाकटी परत प्रमुख झाली आणि तिने तीन आठवडे मागून घेतले. त्या तीन आठवड्यांत तिने पार्सर फोडून पुन्हा बांधला. आता मॅक्रोपुढे कंस नसेल, तर यंत्र अवतरणातसुद्धा ओळ घ्यायलाच नकार द्यायचं.

या सगळ्या दिवसांत ती ताईशी कामापुरतं बोलली. आईकडे दोघी वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. आईला वाटलं, कामाचा ताण आहे. ताईने एकदा फोनवर धाकटीचं कौतुक स्वतःहून केलं. आई गोंधळली, म्हणाली, "हो, ते आहेच, पण तू कशी आहेस?" ताईने 'बरी आहे' म्हणून फोन ठेवला. जळजळ गेली होती असं नाही. नव्या पार्सरची पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते किती सुबक आहे हे तिला दिसलं, आणि ओळखीचा हेवा पुन्हा जागा झालाच.

चौथ्या सोमवारी सकाळी धाकटी तिच्या टेबलाशी आली. हातात दुसऱ्या आरशाची पूर्ण फाईल होती. मांडणीच्या बदलांसकट, एकूण एक पान.

"बाई म्हणाल्या, कुणाकडूनही तपासून घे," ती म्हणाली. "मी विचार केला. इथे तुझ्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नाही."

ताईने फाईल घेतली. तिला हात कुठे ठेवावा ते कळेना.

"माझ्या चुका शोध," धाकटी म्हणाली. "हव्या तेवढ्या शोध, हवं तर मनातून खूश हो. पण सापडलं, की त्याच दिवशी सांग."

ती आपल्या खोलीकडे गेली. ताईने पहिलं पान उघडलं आणि पेन्सिलीला टोक केलं.